सकाळी साडेनऊला चाकणच्या गेटवर: ट्रॅव्हल्सच्या मालकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या खासगी बस चालवणारे सर्व मालक आणि व्यवस्थापक

स. न. वि. वि.

मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत काम करतो. मार्केटिंग आणि क्वालिटी दोन्ही माझ्याकडेच आहे, लहान कारखान्यात तसंच असतं. आमचं कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव सुटे भाग, पुण्याजवळ चाकण-भोसरीला जातं, वाळूजला जातं, नाशिकला सातपूर-अंबडला जातं. माल ट्रकने पोहोचतो आणि त्याच्या मागोमाग मला पोहोचावं लागतं. कधी नव्या पार्टची ट्रायल असते, कधी अख्खा लॉट रिजेक्ट झालेला असतो, कधी दर वाढवून मागायचा असतो, कधी अडकलेलं पेमेंट सोडवायचं असतं. महिन्यातल्या आठ-दहा रात्री अशा घराबाहेर जातात, आणि हे गेली १९ वर्षं चाललंय. त्यातली बहुतेक वर्षं मी तुमच्याच बसने फिरलो. मध्ये चार वर्षं बस सोडली होती, आता पुन्हा बसमध्ये आलो आहे. का सोडली आणि का परत आलो, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी या पट्ट्यात माझ्यासारखी कामासाठी फिरणारी माणसं भरपूर आहेत, आणि त्यातली बहुतेक आज तुमच्या गाडीत बसत नाहीत.

मग ती जातात कशाने? विमान पुण्यासाठी कामाचं नाही. कोल्हापूर-पुणे वंदे भारत २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाली, गाडी छान आहे, पण ती आठवड्यातून तीनच दिवस आणि सकाळी निघून पुण्यात दुपारी पोहोचणारी. तिथून चाकणला जाईपर्यंत परचेसचा माणूस जागेवर सापडेल याचा भरवसा नसतो. म्हणून ही माणसं स्वतःची कार काढतात. पहाटे साडेचारला निघायचं, वाटेत कुठेतरी मिसळ खायची, दिवसभर कंपन्यांच्या गेटवर पास काढत फिरायचं आणि रात्री बारा-एकला घरी परतायचं. तुम्ही शेजारच्या ट्रॅव्हल्सचा दर बघून आपला दर लावता. तुमचं गिऱ्हाईक मात्र दारात उभी असलेली ही कार घेऊन जातेय.

त्या चार वर्षांत मीही हेच केलं. एका फेब्रुवारीत भोसरीहून परत येत होतो. दिवस वाईट गेला होता, निघायला रात्रीचे नऊ वाजले. खंबाटकी उतरलो, भुईंज मागे पडलं. आनेवाडीचा टोलनाका अजून यायचा होता. माझे डोळे उघडे होते असं मला आजही वाटतं. पण समोर उसाची ट्रॉली आहे हे मला कळलं तेव्हा ती काचेत मावत नव्हती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाच्या मोळ्यांना एक लाल फडकं बांधलेलं. ते फडकं हेडलाइटमध्ये हललं आणि पाय ब्रेकवर गेला. कार थांबली तेव्हा उसाचा लोंबणारा पाला बॉनेटला लागत होता. टोलनाका ओलांडून मी गाडी बाजूला लावली आणि पाऊण तास तशीच उभी ठेवली. हात स्टिअरिंगवरून उचलता येत नव्हते. घरी कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यापासून पुन्हा ट्रॅव्हल्सचं तिकीट काढायला लागलो. रात्री गाडी चालवणारा माणूस झोपलेला नसावा आणि मी झोपलेला असावा, एवढंच मला हवं होतं.

परत आलो तेव्हा गाड्या खूप बदललेल्या दिसल्या, हे आधी मोकळेपणाने सांगतो. सिंगल स्लीपर, स्वच्छ चादरी, एअर सस्पेंशन, मोबाइलवर गाडीचं लोकेशन. पैसा तुम्ही घातला आहे. पण तो सगळा बसच्या आत घातला आहे, आणि कामावर निघालेल्या माणसाचे हाल बसमधून उतरल्यावर सुरू होतात.

गेल्या पावसाळ्यातली एक सकाळ सांगतो. कोणाची गाडी होती ते लिहीत नाही, कारण ही तऱ्हा कोणा एकाची नाही. कोल्हापूरहून रात्री साडेदहाला सुटलेली गाडी. पहाटे पावणेचारला पिंपरी-चिंचवडमध्ये क्लीनरने पडदा सरकवला आणि खांदा हलवला, “नाशिक फाटा, नाशिक फाटा, चला उतरा लवकर.” मी अर्धवट झोपेत चपला शोधतोय तोवर गाडी थांबलेली, दार उघडलेलं, डिक्कीतून माझी पेटी रस्त्यावर ठेवलेली. त्या पेटीत नऊ किलोचं एक बेअरिंग हाउसिंग होतं, ट्रायलचा नमुना. पाऊस बारीक पडत होता. पुलाखाली उभा राहिलो. बर्थजवळचं चार्जिंग चालत नव्हतं म्हणून फोन अकरा टक्क्यांवर. मीटिंग सकाळी साडेनऊला चाकणमध्ये, म्हणजे अजून पावणेसहा तास. लॉजवाला तीन तासांच्या झोपेसाठी पूर्ण दिवसाचं भाडं मागतो आणि ते भाडं आमच्या अकाउंट्समध्ये पास होत नाही. एका बंद दुकानाच्या पायरीवर पेटीवर हात ठेवून बसलो. उजाडल्यावर पेट्रोल पंपाच्या बेसिनवर दाढी केली. इस्त्रीचा शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता, तो तिथल्याच शौचालयात, दाराच्या कडीला बॅग अडकवून, एका पायावर तोल सांभाळत बदलला.

साडेनऊला मी गेटवर होतो. समोरच्या माणसाने रिजेक्शनचा तक्ता पुढे ठेवला आणि ब्लोहोल (कास्टिंगमध्ये राहणारी हवेची छिद्रं) नेमके कोणत्या बाजूला येताहेत एवढंच विचारलं. हा प्रश्न मी शंभर वेळा अभ्यासलेला. त्या क्षणी मला उत्तर आठवेना. दुपारी मी किलोमागे दीड रुपया कमी मान्य करून बाहेर आलो. माझ्या मालकांना तो प्रवास तिकिटाच्या कितीतरी पट महाग पडला, आणि हा खर्च कोणत्याही तिकिटावर छापलेला नसतो.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी: आम्हाला लवकर पोहोचवू नका. साडेसहाला पोहोचवा. कोल्हापूर-पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचं अंतर, त्यासाठी रात्री साडेदहाला निघण्याची कामाच्या माणसाला काहीच गरज नाही. सातारा-कागल रस्त्याचं सहापदरीकरण चालू आहे, वळणमार्गांवर वेळ जातो, हे धरूनही बाराला सुटलेली गाडी आरामात पोहोचते. आणि सुटायची वेळ बदलता येत नसेल तर पोहोचल्यावर गाडी आत कुठेतरी लावा, एसी चालू ठेवा आणि आम्हाला सहापर्यंत झोपू द्या. इंग्लंडात पेन्झन्सहून लंडनला येणारी रात्रीची रेल्वे पहाटे पॅडिंग्टनला पोहोचते आणि प्रवाशांना स्टेशनात उभ्या असलेल्या डब्यातच आणखी वेळ झोपू दिलं जातं. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, फक्त गाडी उभी करायला जागा लागते.

घाईमागचं कारण मला ठाऊक आहे. डिक्कीतलं पार्सल पहाटेच गोडाऊनला उतरवायचं असतं. त्या पार्सलवर तुमचं गणित बसतं आणि आम्हीही नमुने, पॅटर्न, कागदपत्रं तुमच्याच डिक्कीतून पाठवतो, तेव्हा पार्सल बंद करा असं मी म्हणणार नाही. पण कोणत्या गाडीला पार्सल आणि कोणत्या गाडीला झोप, हे वेगळं करता येईल. आठवड्यातून दोन रात्री का होईना, एक गाडी अशी असावी की जिचं वेळापत्रक माणसांवरून ठरलंय.

आणि उतरण्याची जागा. तुमच्या गाड्या कंत्राटी परवान्यावर चालतात, एसटीसारखं वाटेत थांबे घेत प्रवासी भरण्याचा परवाना तुमच्याकडे नाही, म्हणून तुम्हाला स्टँड नाहीत, म्हणून आम्ही वाकडच्या पुलाखाली, सायनच्या सर्कलवर, नागपूरला रविनगरच्या चौकात बॅगा घेऊन उभे. यात सगळा दोष तुमचा नाही. पण सात-आठ मालकांनी मिळून नाशिक फाट्याजवळ एखादा मोठा गाळा भाड्याने घेणं तुमच्या हातात आहे. रेल्वेला रिटायरिंग रूम असते, तसं काही. सहा न्हाणीघरं, गरम पाणी, एक इस्त्रीचं टेबल, आरसे, चार्जिंग, चहा, बॅगा ठेवायला कपाट. वेगळे पैसे घ्या. दोनशे-अडीचशे रुपये देऊन आंघोळ करून, धुतलेल्या तोंडाने मीटिंगला जायला मिळत असेल तर माझ्या ओळखीतला एकही माणूस मागेपुढे पाहणार नाही.

स्त्रियांसाठी तर हा पहिला प्रश्न आहे. आमच्याकडे सिस्टिम ऑडिटसाठी येणाऱ्या एक बाई पुण्याच्या आहेत, आठवड्याला दोन-तीन गावं करतात. मी त्यांना एकदा विचारलं, बसने का येत नाही? त्या म्हणाल्या, “सर, मला दोन गोष्टी आधी कळायला हव्यात. रात्री गाडी थांबेल तिथलं शौचालय कसं असेल, आणि सकाळी मी कोणत्या उजेडात उतरेन. तिकीट काढताना या दोन्ही गोष्टी कोणी सांगत नाही.” त्या टॅक्सी करून येतात आणि तिचं भाडं आम्ही भरतो. कर्नाटक एसटीची बेंगळुरू विमानतळ ते म्हैसूर अशी फ्लायबस आहे, तिच्यात शौचालयाची सोय केली आहे. तुमच्या प्रत्येक गाडीत ते बसवणं अवघड आहे, मान्य. पण जिथे थांबता तो ढाबा कमिशनवर ठरवण्याऐवजी शौचालयावर ठरवा. तिथली स्वच्छता तुमच्या माणसाने आठवड्याला जाऊन तपासावी आणि थांब्याचं नाव तिकिटावर छापावं. लवकर सुटणाऱ्या गाडीचा जेवणाचा थांबा अकराच्या आत घ्या. साडेबाराला सगळे दिवे लावून “जेवणासाठी गाडी वीस मिनिटं थांबेल” असं ओरडून आख्खी बस उठवण्यात कोणाचंच भलं नाही. जेवणारा माणूस घरूनच जेवून आलेला असतो.

आता जरा जड विषय. ३० जून २०२३ च्या रात्री नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. दाराची बाजू खाली गेली होती. २५ माणसं गेली. त्याच्या आधी, ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली बस नाशिकमध्ये पेटली, १२ जण गेले. तेव्हापासून मी निघालो की माझी बायको डबा हातात देताना एकच प्रश्न विचारते: ड्रायव्हर किती आहेत? मला आजवर एकदाही खात्रीने उत्तर देता आलेलं नाही.

ते उत्तर तुम्ही मला द्या. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्या जुन्या कायद्यात सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांचं काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. लोकेशनची लिंक पाठवता त्याच मेसेजमध्ये लिहा, आज गाडीवर दोन चालक आहेत, पहिला साताऱ्यापर्यंत, दुसरा पुढे, पहिल्याची ड्युटी रात्री अमुक वाजता सुरू झाली. चालकाला झोपायला जागा द्या, आणि ती डिक्कीत नसावी. गाडी सुटताना दोन मिनिटं दिवे लावून आपत्कालीन दार कुठे आहे, काच फोडायचा हातोडा कुठे अडकवलाय, हे क्लीनरने हात लावून दाखवावं. मोठ्या कंपन्यांत सेफ्टी ऑफिसर असतो, आणि बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्याने रात्री स्वतः गाडी चालवू नये असा नियमही असतो. त्या ऑफिसरला दाखवता येईल असा एक कागद तुमच्याकडे असेल, तर तो आपली सगळी माणसं तुमच्या गाडीत बसवेल. आज तुम्ही जाहिरातीत टीव्ही आणि पाण्याची बाटली लिहिता. चालकाच्या झोपेबद्दल लिहा, तुमची गाडी भरेल.

बिलाचं थोडक्यात सांगतो. विमानाच्या तिकिटावर आणि आयआरसीटीसीवर कंपनीचा जीएसटी नंबर टाकता येतो. ट्रॅव्हल्सकडून मला बहुतेक वेळा नुसता मेसेज येतो, त्यावर आमचे अकाउंटंट पैसे देत नाहीत, मग मी ऑफिसवर जाऊन कच्चं बिल मागतो. एसी बसच्या तिकिटावर जीएसटी घेता, तर कंपनीच्या नावाचं पक्कं बिल त्याच वेळी मेलवर यायला हवं. दराचंही तसंच. एसटीच्या दराच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये असं राज्य सरकारने २०१८ मध्ये ठरवून दिलं आहे, दिवाळीत त्याचं काय होतं ते आपण सगळेच जाणतो. आमचं प्रवासाचं बजेट एप्रिलमध्ये ठरतं. वर्षभर एकच दर, दसऱ्याला तोच आणि जुलैच्या मंगळवारी तोच, असा करार कंपन्यांशी करा. रिकाम्या जुलैत तुम्हाला प्रवासी मिळतील, आम्हाला दिवाळीत सीट मिळेल. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून पर्यावरण आणि जबाबदारीचा अहवाल देणं बंधनकारक केलं आहे, आणि त्यांच्याकडून कार्बनचे आकडे विचारणारे फॉर्म आता आमच्यासारख्या पुरवठादारांकडे येऊ लागले आहेत. कार सोडून बसने गेलेल्या फेऱ्यांचा महिन्याचा हिशेब तुम्ही बिलाबरोबर दिलात तर तो भरायला आम्हाला उपयोगी पडेल.

हे सगळं नवीन नाही. महाराष्ट्रात कामासाठी फिरणाऱ्यांना गाडीची सवय लावता येते हे १ जून १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनने दाखवलं आहे. पासवाल्यांच्या ठरलेल्या जागा, डायनिंग कार, एकमेकांचे वाढदिवस साजरे करणारे डबे. रस्त्यावर तेच एसटीने केलं. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांनंतर आलेल्या एशियाड बसचं नाव आजही लोकांच्या तोंडी आहे, आणि ‘एसटीने कोण जातं’ म्हणणारे साहेब लोक पुढे दादर-पुणे शिवनेरीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले. शिवनेरीत सोन्याच्या खुर्च्या नव्हत्या. तिची सुटायची जागा ठरलेली होती आणि एक चुकली तर थोड्या वेळाने दुसरी होती. मीटिंग लांबली तरी माणूस घाबरत नसे.

आणि इथेच तुमच्यासाठी एक मोठी जागा रिकामी आहे: संध्याकाळची परतीची गाडी. माझं चाकणचं काम पाच-साडेपाचला संपतं. तुमच्या गाड्या रात्री दहा-अकराला सुटतात, तेही वाकड, स्वारगेट, कात्रजवरून. मधले पाच तास मी एखाद्या मॉलमध्ये काढतो. लोक कार काढतात ती या पाच तासांसाठी, जाण्यासाठी नव्हे. चाकणहून साडेसहाला, भोसरीहून सव्वासातला अशी एक सीटर गाडी सोडा. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक अशा रुंद खुर्च्या, पुढे उघडता येणारं टेबल, डोक्यावर वाचायचा दिवा, चालू असलेलं चार्जिंग. सिनेमा लावू नका. फोनवर मोठ्याने बोलणाऱ्याला क्लीनरने नम्रपणे थांबवावं. वायफायवर खर्च करू नका, ते आमच्या फोनमध्ये आहे. रात्री बाराच्या आसपास कोल्हापूरला तावडे हॉटेलच्या चौकात उतरलो की अर्ध्या तासात मी माझ्या अंथरुणात असेन, आणि मीटिंगचा रिपोर्ट गाडीतच लिहून झालेला असेल.

हे कागदावरच राहू नये म्हणून मी माझ्या परीने थोडी चौकशी केली आहे. आमच्या आणि आजूबाजूच्या कारखान्यांत विचारलं. मंगळवारी रात्री निघून बुधवारी संध्याकाळी परत, असं नेमाने जाणारी चौदा माणसं निघाली. दोन कारखाने तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरायला तयार आहेत, अट एकच, वेळ पाळायची आणि बिल पक्कं द्यायचं. गोकुळ शिरगावला मी अजून विचारलेलं नाही. तुमच्यापैकी ज्यांना करून बघायचं असेल त्यांनी शिरोलीत यावं, मी सगळ्यांना एका टेबलाशी बसवतो, चहा आमच्याकडे.

त्या बेअरिंग हाउसिंगचे ब्लोहोल आम्ही काढले आहेत. वितळलेला धातू साच्यात नेणारा रनर बदलला, साच्याच्या वाळूचा ओलावा बघितला. पुढची ट्रायल श्रावणानंतरच्या पहिल्या बुधवारी आहे, चाकणला, सकाळी साडेनऊला. नऊ किलोची तीच पेटी घेऊन मी मंगळवारी रात्री निघणार आहे.

आपला,
शिरोलीचा एक प्रवासी